दातांची हातोडी आणि पखवाजवाल्याची मान

वरच्या दाढेसाठी हाडावर हातोडी चालवावी लागेल, असं डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं असेल आणि तेव्हापासून घरातली खिळे ठोकायची हातोडीही तुम्हाला बघवत नसेल, तर हे लिहिणं तुमच्यासाठी आहे. माझ्या तोंडात ती हातोडी चालून गेली आहे. दुखलं नाही. पुढे जो काही तमाशा झाला, त्यात हातोडीचा वाटा दोन आणे आणि माझा चौदा आणे.

मी घनसावंगी तालुक्यातला. गावच्या हायस्कुलात एकतीस वर्षं लिपिक होतो, आता निवृत्त आहे. थोडी मोसंबीची झाडं आहेत आणि गावच्या भजनी मंडळात मी पखवाज वाजवतो. यातलं मला खरोखर येतं ते फक्त शेवटचं, असं आमच्या मंडळींचं, म्हणजे सुलोचनाचं, मत आहे. तेही तिनं एकदाच बोलून दाखवलं, आणि घरात पाहुणे होते म्हणून.

दाढ कशी गेली

पखवाजाचं चामडं ताणून धरायला चामड्याचीच लांब पट्टी असते, तिला वादी म्हणतात. ती ढिली झाली की शहाणी माणसं पाय रोवून हातानं ओढतात. मी दातानं ओढायचो. ज्यांनी मला वाजवायला शिकवलं ते म्हणायचे, "लेका, वादी बैलाच्या कातड्याची असते, तुझे दात बैलाचे न्हाईत." मी हसायचो. तेव्हा सगळे दात होते, त्यामुळे हसणं शोभायचंही.

मग एका सकाळी कडकन आवाज आला. "तुटली!" मी ओरडलो. वादी शाबूत होती.

डावीकडची वरची दाढ अशी गेली. तिच्या शेजारणीनं एकटीनं राहून काय करायचं म्हणून वर्षभरानं तीही गेली. पुढे कित्येक वर्षं मी उजवीकडूनच जेवत होतो. सुलोचना म्हणायची, "एका बैलावर औत हाकून राह्यले तुमी. हा बैल बसला म्हंजे काय करताल?"

मागच्या हिवाळ्यात तो बैलही कुरकुरायला लागला. भाकरी कालवणात बुडवून, तिचा लगदा करून गिळायची वेळ आली. तेव्हा कुठे आम्ही नवीन जालन्यात, स्टेशनच्या बाजूला, एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिशी-पस्तिशीची मुलगी. बोलायला मोकळी. मला पहिल्यापासून 'काका' म्हणाली, म्हणून मीही पहिल्यापासून शहाण्यासारखा वागायचं ठरवलं. ते फार वेळ जमलं नाही.

तिनं फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. "काका, इथे आपण हाडात स्क्रू बसवून त्यावर दाढ बसवू. पण तुमचं वरचं हाड पातळ झालंय. त्याच्यावर ही पोकळी आहे, बघा. तर खालून बारीक छिद्र करायचं आणि एका सळईवर हातोडीनं हळूहळू ठोकून ते हाड थोडं वर उचलायचं. जागा होते मग."

"हातोडीनं?"

"छोटी असते हो."

सुलोचनानं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, बाई घाबरली. नंतर कळलं, ती हसत होती. चाळीस वर्षं मला पखवाज सुरात लावायला हातोडी मारताना बघितल्यावर आता माझ्यावरच ती चालणार, याचा आनंद तिला लपवता येईना.

मला मात्र त्या दिवशी जीपमध्ये बसल्यावर घाम फुटला. भीती दुखण्याची नव्हती. कुणीतरी आपल्या डोक्याच्या इतक्या जवळ ठोकाठोक करणार आणि आपण जागे असणार, याची होती. तुम्हालाही तीच असेल, तर ती चांगली भीती आहे. तिच्यामुळे माणूस सूचना नीट ऐकतो, असं म्हणतात.

हातोडी

ऑपरेशनच्या दिवशी आधी एक कागद आला. मराठीतच होता, मोठ्या अक्षरात, दोन पानांचा. मी खाली सही केली, शेजारी तारीख टाकली, तारखेखाली दुहेरी रेघ ओढली. लिपिकाची सही बघण्यासारखी असते. कागद वाचला नाही. एकतीस वर्षं मी शाळेच्या खिडकीतून पालकांना ओरडत होतो, "वाचून सही करा हो, वाचून!" हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

मग खुर्ची. डोळ्यांवर दिवा, छातीवर हिरवं कापड. सुई टोचली तेवढं कळलं, पुढे अर्धा चेहरा शेजाऱ्याचा झाला. डॉक्टरीणबाई हात धुवायला आत गेल्या, सिस्टर कपाटाकडे वळल्या, आणि माझ्या डाव्या हाताला, ट्रेमध्ये, ती होती.

वीतभर लांब. चकचकीत स्टीलची. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या प्लास्टिकच्या टोप्या. माझ्या घरची पखवाज लावायची हातोडी लोखंडी, दांडा बाभळीचा, त्याला मीच गुंडाळलेली सुतळी. पखवाजाच्या अंगावर वादीखाली लाकडी ठोकळे असतात. ते हातोडीनं वरखाली सरकवून सूर चढवायचा, उतरवायचा. वजन जरा जास्त झालं तर सूर पळतो, कमी झालं तर ठोकळा हलत नाही. म्हणजे हातोडीचं वजन हा माझा प्रांत आहे. मी ती उचलली. तळहातावर तोलली. वा! डोकं जड, दांडा हलका, आपोआप खाली पडावी अशी. मी खुर्चीच्या हातावर हळूच एक ठोका मारून बघितला.

"अवो बाबा!" सिस्टर किंचाळल्या. "सगळा सेट खराब केला की!"

ती हातोडी जंतू मारून, पिशवीतून आत्ताच काढलेली होती. पुन्हा सगळा सेट यंत्रात गेला. पाऊण तास मी अर्ध्या चेहऱ्यानिशी बसून होतो. सुई उतरेल म्हणून नंतर पुन्हा टोचली. बाहेर बाकावर सुलोचनाला सिस्टरनं कारण सांगितलं असणार, कारण दाराच्या फटीतून तिचा आवाज आला: "हात बांधा त्यांचे."

हात बांधले नाहीत. पण बैलाला नाल मारताना धरतात तशी सिस्टरनं माझी हनुवटी धरली.

"काका, आता टक टक होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखणार नाही, फक्त कवटीत घुमल्यासारखं वाटेल. मान बिलकुल हलवायची नाही."

आणि तसंच झालं. दुखलं नाही. घुमलं. टक, टक. थांबून बघणं. टक, टक. पुन्हा बघणं. पहिले पाच-सात ठोके मी देवाचं नाव घेत होतो. त्यानंतर माझ्या लक्षात आलं की बाईंची लय पक्की आहे. दोन ठोके, दोनांची विश्रांती, दोन ठोके, दोनांची विश्रांती. म्हणजे आठ मात्रा. म्हणजे आपला भजनी ठेकाच, फक्त सांगाडा. मग त्याच्यात मी मनातल्या मनात बोल भरायला लागलो. भीती कुठल्या कुठे पळाली. पायाचा अंगठा चालू झाला. बाईंनी एक आवर्तन दिलं, दुसरं दिलं, तिसरं दिलं, आणि आता समेवर, म्हणजे जिथे सगळ्यांनी एकत्र यायचं त्या पहिल्या मात्रेवर, त्यांनी नेमका जरा ठासून ठोका दिला.

माझी मान गेली. चाळीस वर्षांची सवय आहे. चांगली सम आली आणि मान गेली नाही, असं कधी झालेलंच नाही.

"काका!!"

सगळं थांबलं. डॉक्टरीणबाईंनी आत बघितलं, दिवा सरकवला, पुन्हा बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. "नशीब. काही झालं नाही. पण का हललात?"

तोंड उघडं असताना खरं सांगता येत नाही. आणि तोंड मिटल्यावर सांगवेना. "शिंक आल्ती," मी म्हणालो. त्यावर त्या मुलीनं मला शिंक आली तर तोंड उघडं ठेवून कसं शिंकायचं, नाक का शिंकरायचं नाही, हे दहा मिनिटं समजावून सांगितलं. जी शिंक आलीच नव्हती, तिच्यावर.

पत्रे फिरले

पहिला दिवस मजेत गेला. थंड दूध, मऊ भात, वाटीभर आइस्क्रीम. निवृत्तीनंतर इतका मान मला मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली, मी कूस बदलली, आणि घर फिरायला लागलं. चक्कर आली असं मी म्हणत नाही. चक्कर मला माहीत आहे, उन्हातान्हात येते, डोळ्यांपुढे अंधार करते. हे वेगळंच. वरचे पत्रे, त्यांचा लोखंडी अँगल, अँगलला टांगलेला माझा पखवाज, सगळं एका बाजूनं निघून सर्रकन दुसऱ्या बाजूला. मी खाटेची दांडी धरली. पोटातलं आइस्क्रीम वर आलं. अर्धा मिनिट असेल. मग पत्रे जागेवर येऊन बसले, जसं काही झालंच नाही.

मी उठून बसलो. पुन्हा एकदा. वर बघितलं की फिरतं, खाली वाकलं की फिरतं, डावीकडे वळलं की फिरतं. सरळ समोर बघत, पाण्यानं भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखं चाललं तर काही नाही.

मला लगेच कारण कळलं. मीच मान हलवली होती. सळई हाडात असताना. आत काहीतरी निखळलं. आणि मी शिंकेचं खोटं सांगितलं. आता कोणत्या तोंडानं फोन करणार?

मी कुणालाच सांगितलं नाही. हे वाचणाऱ्यांतल्या कुणी माझ्यासारखं करत असेल, तर त्यानं इथेच वाचणं थांबवावं आणि डॉक्टरांना फोन लावावा. गोष्ट कुठे पळून जात नाही.

लपवाछपवी

घागर डोक्यावर धरल्यासारखा मी बारा दिवस चाललो. लोकांना वाटलं, दाढ बसवल्यावर माणसाला ऐट आली.

बागेत ठिबकची नळी बघायला वाकलो आणि झाडं फिरली. जवळच्या मोसंबीला मिठी मारली. सुलोचना बांधावरून बघत होती.

"काय करून राह्यले?"

"खोड किती जाड झालं, ते बघतोय."

"चाळीस वर्षांत मला कधी अशी मिठी मारली न्हाई," ती म्हणाली आणि पुढे गेली. पण दोन पावलांवर तिनं एकदा वळून बघितलं.

खरी पंचाईत वेगळीच होती. रामनवमी जवळ आली होती. त्या दिवशी जांबला, समर्थांच्या जन्मगावी, आमच्या मंडळाचं भजन ठरलेलं होतं. बऱ्याच वर्षांनी बोलावणं आलं होतं. आमच्याकडे पखवाज वाजवणारा दुसरा नाही. तालीम चालू होती. पखवाज वाजवायला मांडीवर घेऊन पुढे झुकावं लागतं. डाव्या तोंडाला भिजवलेली कणिक लावायला तर पुरतं वाकावं लागतं. मी कणिक लावायला वाकलो आणि तिच्यातच तोंड घालून पडलो.

पेटी वाजवणारा भागवत माझा बालमित्र आहे. त्यानं मला उठवलं, माझ्या नाकावरची कणिक पुसली आणि जवळ येऊन वास घेतला.

"घेतली काय रे?"

"काय बोलतो! माळ हाय गळ्यात."

"तेच तर म्हनतो. रामनवमीच्या तोंडावर!"

त्याला काय सांगणार? मी तालीम अर्धी टाकून घरी आलो. ती माझी आयुष्यातली पहिली अर्धी टाकलेली तालीम. घरी आल्यावर पखवाजाला खोळ घातली आणि पुन्हा अँगलला टांगला. वर बघता येत नव्हतं, त्यामुळे चाचपडत टांगला.

मग शेवटचा उपाय म्हणून मी आमच्या नानांकडे गेलो. नाना माझे चुलते, वय ऐंशीच्या पुढे. आमच्या घरात आजोबांच्या वेळेपर्यंत मेंढरं होती. नानांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलं. माणसांची दुखणी त्यांना कमी कळतात, पण माणूस आणि मेंढरू यांत ते फारसा फरक करत नाहीत. मी सगळं सांगितलं.

"ही तर चक्री," ते म्हणाले. "मेंढराला व्हती. गोल गोल फिरतंय, एका अंगाला पडतंय. डोस्क्यात पान्याचा फुगा व्हतो."

"मंग काय करायचे तुम्ही?"

"कवटी दाबून बघायची. फुग्यावर मऊ लागती. तेवढी खापरी उघडायची, फुगा काढायचा, वर फडकं बांधायचं."

"मंग मेंढरू जगायचं?"

नानांनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. "एखांदं," ते म्हणाले.

मग त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं दाबत, बोटानं ठोकत, कान लावून ऐकत गेले. आधी हातोडी, आता हे बोट. सगळं जग मलाच वाजवून बघत होतं. "मऊ न्हाई लागत," शेवटी ते म्हणाले. "कडक हाय. लईच कडक हाय. शाळंत मास्तर बी तेच म्हनायचे."

मला हसू आलं नाही. हे मी कबूल करतो. त्या संध्याकाळी नानांच्या ओट्यावरून, बागेला वळसा घालत, उशिरा घरी येताना मला पहिल्यांदा खरंच वाटलं की आता आपला पखवाज संपला. आणि कदाचित आपणही.

फाइल

घरी आलो तर सुलोचना ज्वारी पाखडत बसली होती. ती ज्वारी तिनं सकाळीच पाखडून ठेवली होती. सुपाशेजारी माझी एक फाइल होती.

त्या फाइलीबद्दल सांगायला हवं. पाचव्या की सहाव्या दिवशी, पत्रे फारच फिरले तेव्हा, मी कपाटातले सगळे कागद काढले होते. पेन्शनचे, सातबाऱ्याचे, बँकेचे. पंच करून, टॅग लावून, अनुक्रमणिका करून एका फाइलीत बसवले आणि वर सुबक अक्षरात लिहिलं: 'माझ्या पश्चात'. खाली दुहेरी रेघ.

"नाना आत्ता दारावरून गेले," ती म्हणाली. "इचारून राह्यले, आता कसा हाय म्हनून."

मी बसलो. सरळ मान ठेवून.

"किती दिवस झाले?"

"बारा."

"फाइल मला कधीच सापडल्ती. मी म्हनलं, सांगतील. आज सांगतील, उद्या सांगतील." तिनं सूप खाली ठेवलं. "मी मऊ भात शिजवून राह्यले, आन तुमी मरायची तयारी करून राह्यले."

"तुला काळजी नको म्हणून..."

"मला काळजी नको म्हनून टॅग लावला का?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. पुन्हा सूप घेतलं, आणि ती स्वच्छ ज्वारी आणखी एकदा पाखडली. एक खडा निघाला नाही. मग म्हणाली, "सकाळच्या जीपनं जालन्याला. मी येनार. आन जे झालं ते सगळं सांगायचं. न्हाई तर मी सांगते."

आजारपणात घरच्यांचं काय होतं, हे मला त्या दिवशी कळलं. आपण लपवतो तेव्हा ते दुखणं आपल्यापुरतं राहत नाही, घरात दोन होतात. एक आपलं आणि एक त्यांचं, आणि दोन्ही एकमेकांशी न बोलता एकाच स्वयंपाकघरात वावरतात.

कबुली

डॉक्टरीणबाईंपुढे मी खुर्चीत न बसता उभा राहूनच बोललो, हेडमास्तरांपुढे उभं राहतात तसा. "शिंक नव्हती ओ मॅडम. समेवर मान गेली. आत काहीतरी मी निखळवलं."

"कशावर?"

मग सम म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागलं. सिस्टर दारात येऊन ऐकत होत्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं, मग टेबलावर कोपर टेकून दोन्ही हातांत तोंड लपवलं. खांदे हलत होते. मला वाटलं, रडतात की काय.

"काका," त्या वर बघून म्हणाल्या, आणि डोळ्यांत खरंच पाणी होतं, पण हसण्याचं. "तुम्ही मान हलवली नसती तरी हे झालं असतं. ठोक्यांमुळे कधीकधी होतं. कानाच्या आत तोल सांभाळायला बारीक बारीक कण असतात, ते हलून भलत्या जागी जातात. बरं होतं हे. मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"न्हाई."

"लिहून तरी दिलं होतं." त्यांनी फाइलीतून माझा सही केलेला कागद काढला आणि नेमका सुलोचनाच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला. दुसरी-तिसरीतल्या मुलासारखं, बोट ठेवून, मोठ्यानं वाचलं:

"सात. क्वचित रुग्णास डोके हलवल्यावर गरगरल्यासारखे वाटू शकते. तसे झाल्यास घाबरू नये, त्वरित कळवावे."

खाली माझी सही. तारीख. दुहेरी रेघ.

सुलोचनानं चष्मा काढला, घडी घातली, पिशवीत ठेवला. कागद माझ्या पुढ्यात सरकवला. मला आजवर मिळालेल्या शिक्षांमध्ये ती सर्वांत मोठी.

आम्हाला त्याच रस्त्यावरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी मला खाटेवर आडवं केलं, डोकं खाटेच्या कडेवरून खाली सोडलं आणि डावीकडे वळवलं. झालं. छत सुटलं. मी त्यांचा हात घट्ट धरला. "डोळे उघडे ठेवा," ते म्हणाले आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिले. "बराबर. मेंदूचं नाही हे. कानाचंच आहे."

एवढं वाक्य ऐकायला मी बारा दिवस टाळाटाळ केली होती.

मग त्यांनी माझं डोकं दोन्ही तळहातांत धरलं, मोसंबी पिकली का बघताना धरतात तसं, आणि सावकाश उजवीकडे फिरवलं. थांबले. मग मला सगळाच कुशीवर वळवला, नाक जमिनीकडे. थांबले. मग उठवून बसवलं. पाच मिनिटं लागली असतील. गोळी नाही, सुई नाही.

"झालं?"

"बहुतेक. राहिलं तर पुन्हा करू. दोन दिवस जपून."

थोडं राहिलं होतं. चार दिवसांनी पुन्हा गेलो, पुन्हा फिरवलं. त्यानंतर मी खाटेवर कूस बदलली, आणि पत्रे पत्र्यांच्या जागी होते. मी परत बदलली. परत. सुलोचना म्हणाली, "आता झोपा की, का खाट मोडायची हाय?"

भागवतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मंग तू पिलेला नव्हता तर." जरा नाराज झाल्यासारखा वाटला. चार लोकांना सांगून बसला असणार.

जांब

रामनवमीला आम्ही जीप करून जांबला गेलो. मंदिरात गर्दी, ऊन, गुलाल, फुलांचा आणि घामाचा वास. जन्मोत्सव झाला, आणि दुपारी आमच्या मंडळाची पाळी आली. मी पखवाज मांडीवर घेतला. कणिक लावायला वाकलो. काही नाही. माझी बाभळीच्या दांड्याची हातोडी काढली, दोन ठोकळे सरकवले. भागवतनं सूर दिला, लागला.

समोर बायकांमध्ये सुलोचना बसली होती. चाळीस वर्षं ती माझं भजन ऐकायला येते ती मैत्रिणींशी बोलायला. त्या दिवशी ती कुणाशी बोलत नव्हती. हातात पिशवी गच्च धरून माझ्या मानेकडे बघत होती.

ठेका सुरू झाला. पहिली सम आली आणि मी मान हलवली नाही. ताठ. घागर डोक्यावर. दुसरी आली. ताठ. हात वाजवत होते, पण आवाज पंचायतीच्या नोटिशीसारखा कोरडा निघत होता. भागवतनं पेटीवरून माझ्याकडे बघितलं, भुवई उचलली. टाळकरीही जरा बिचकले. आपला पखवाजवाला जिवंत आहे की नाही, अशी शंका त्यांना आली असावी.

काय सांगू, मला भीतीच वाटत होती. पुन्हा सगळं फिरलं तर? इथे, समर्थांच्या दारात, एवढ्या माणसांसमोर, पुन्हा कणकेत तोंड? दुसरा पखवाजवाला नाही. आज पडलो तर पुन्हा कुणी बोलावणार नाही, आणि आपणही पुन्हा मांडीवर घेणार नाही.

तिसऱ्या की चौथ्या आवर्तनात टाळकऱ्यांनी लय चढवली. वीणेकऱ्यानं डोळे मिटले. मी हात मोकळे सोडले, उजव्या तोंडावर एक लांबलचक बोल घेतला, आणि तो जिथे येऊन पडायचा तिथे, नेमका, ठासून पडला.

मान गेली. पूर्ण गेली. खालपर्यंत.

मी डोळे उघडले. खांब खांबाच्या जागी. भागवत भागवतच्या जागी, दात काढून हसत. छताचा दिवा, फुलांची माळ, सगळं जिथल्या तिथे. मी पुढच्या समेवर परत हलवली, केवळ खातरजमा म्हणून. तिच्या पुढच्या समेवर हौस म्हणून.

बायकांमध्ये सुलोचनानं पिशवी मांडीवरून खाली ठेवली. पाय मोकळे केले. मग माझ्याकडे पाठ करून शेजारणीकडे वळली आणि विचारलं, इतक्या मोठ्यानं की मला पखवाजातून ऐकू आलं:

"मंग, पोरीचं काय ठरलं?"